ओष्ठ्य

प फ ब भ म.
अकरा वर्षं पहिलीच्या वर्गाला मी हेच सांगत आले,
ओठ मिटा, आता सोडा.
मे महिन्यात शाळेला कुलूप लागलं
आणि सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात
मी एक मिली भरून घेतलं,
थोडं वरच्या ओठात, उरलेलं खालच्या.
पैसे भिशीचे होते. कारण विचारू नका,
मलाही ते नीट पाठ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाची अक्षरं गेली.
अम्मा म्हणायला तोंड उघडलं
तर अन्ना असं काहीतरी बाहेर आलं.
ती तेंदूपान कातरत होती. मान वर न करता म्हणाली,
"अण्णा तुझा भिवंडीला लूमवर आहे. इथं काय काम त्याचं?"
मग मान वर केली.
कात्री सुपात पडली.

डॉक्टर बिराजदारांनी कागद दिला होता.
डोकं उंच ठेवून झोपा.
तिखट नको, खारट नको, नळीनं पिऊ नका.
चोळू नका. (हे दोनदा लिहिलेलं.)
सूज तीन दिवस, काळंनिळं आठवडाभर.
शेंगाचटणीची बरणी अम्मानं स्वतःहून वर ठेवली,
मला हात पुरणार नाही अशा फळीवर,
मी जणू सहा वर्षांची.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
त्या दिवशी तिसरा होता.
बर्फ कशाचा लावणार?
शेजारच्या मेरगू वहिनी पोरांना विकायला
फ्रीजमध्ये पेप्सीकांड्या गोठवतात.
एक नारिंगी कांडी, जुन्या हातरुमालात गुंडाळून,
दहा मिनिटं ओठाला, दहा मिनिटं सुट्टी.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
दारात तीन पोरं उभी,
बाईंनी आपली पेप्सी का धरून ठेवली म्हणून.

रात्री डाव्या कोपऱ्यात ठणका लागला.
कागदाच्या तळाशी लाल पेनानं होतं:
जागा पांढरी पडली, जाळीसारखी दिसली, दुखणं वाढलं
तर सकाळची वाट बघू नका, फोन करा.
आरशात बघितलं. पांढरं आहे?
का ट्यूबलाइटच तशी आहे?
फोन लावला. म्हणाल्या, "नखानं दाबा, सोडा,
दोन मोजायच्या आत रंग यायला पाहिजे.
नाही आला तर निघा, मी येते दवाखान्यात.
विरघळवायचं औषध आहे माझ्याकडे."

माझा हात थरथरत होता.
अम्मानं मोबाइलची बॅटरी लावली.
चाळीस वर्षं पान हातात घेऊन
ओलं की सुकं, ती रंगावरून सांगते,
पण कागद वाचता येत नाही तिला.
दोऱ्यानं चिरलेला अंगठा माझ्या ओठावर टेकवला, दाबला, सोडला.
ओकटी.
रेंडू म्हणायच्या आत म्हणाली, "आला."
परत दाबलं. "आला. झोप आता."
पण झोपली नाही. रात्रभर तासातासाला
बॅटरी, अंगठा, ओकटी.

तिच्या तेलुगूत ओठाला पेदवी म्हणतात.
ओठ म्हणताना ओठ टेकत नाहीत,
पेदवी मात्र टेकल्याशिवाय निघतच नाही.
हे मला आठवडाभर कळत राहिलं.

नवव्या दिवशी म आला, थोडा बोबडा.
डावीकडे अजून ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागते,
दोन आठवडे थांबू म्हणाल्यात.
अम्मानं विचारलं, "किती दिवस टिकतंय हे?"
सात-आठ महिने, फार तर नऊ.
"नऊ महिन्यांत तर तू अख्खी झालतीस," म्हणाली,
आणि इतकी हसली की मलाही हसू आलं,
आणि दुखलं.

काल दुपारी भांडी घासून आत आले
तर ती आरशासमोर पाठमोरी उभी.
तंबाखूच्या धुरळ्यानं तपकिरी झालेला स्वतःचा ओठ
अंगठ्यानं दाबून, सोडून,
हलक्या आवाजात मोजत होती.
"काय करलालीस गं?" मी विचारलं.
"काही नाही," म्हणाली, आणि सूप मांडीवर ओढलं.

कितव्या आकड्याला रंग आला,
सांगितलं नाही.